कोऱ्या लुगड्याची घडी

तुमच्या आईनं पाठवलेली नायलॉनची साडी पोचली. रंग सुरेख आहे. मी ती मुठीत घट्ट आवळून पाहिली आणि मूठ उघडली, तर ती होती तशीच. एक चुणी नाही. शेजारच्या बाईंना त्याचं फार कौतुक वाटलं. मला मात्र काही तरी हरवल्यासारखं झालं. आमच्या लहानपणी लुगडं कुणी नेसलं की नाही, कसं नेसलं, पदर अंगावर घेतला की नाही, हे सगळं चुण्यांवरून वाचता येई. आणि एकदा अशा वाचण्यावर एका बाईचा संसार अडकला होता.

तुम्ही दोघांनी विचारलं आहे की आजी, तुमच्या वेळी कपडे कसे असायचे, शाळेत त्यावर निबंध लिहायचा आहे. निबंधाला लागेल ते आधी सांगते. त्यापुढचं निबंधात घालू नका. मोठे झालात की पुन्हा वाचा.

आम्ही धारला राहत होतो. या शतकाची पहिली सात-आठ वर्षं असतील ती. मी तेव्हा नऊ-दहा वर्षांची. आमचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेमागून माळव्यात आले आणि कारकुनी करत इथेच राहिले. त्यामुळे घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की माळवी. कपड्यांचंही तसंच होतं. रस्त्यावरून येणारा माणूस कोण, हे त्याचं तोंड दिसण्याआधी कळे. घेरदार घागरा आणि वर ओढणी असेल तर माळवी बाई. हाटाच्या दिवशी बाग गावचे छिपे, म्हणजे कापड छापणारे, लाल-काळ्या छापाची कापडं घेऊन बसत, आणि कोणता छाप कोणत्या जातीच्या बाईचा, हे आमच्याकडे पाणी भरणारी बईसुद्धा दुरून सांगे. वडील कचेरीत अंगरखा, उपरणं आणि पगडी घालून जात. इंग्रज साहेबाला भेटायला इंदूरला जायचं झालं की मात्र त्याच अंगावर लांब कोट चढे आणि पायांत मोजे येत. परत आले की कोट-मोजे ओसरीवरच उतरवून ते आंघोळ करत, आणि मग घरात पाऊल टाकत.

घरातल्या बायका नऊवारी नेसत. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट कापड. निऱ्या काढायच्या आणि त्यांचा मधला भाग पायांमधून मागे ओढून कमरेला खोचायचा, तो कासोटा. कासोट्याशिवाय स्वयंपाकाला आणि देवाला शिवायचं नाही. शिवलेला परकर सोवळ्यात चालत नसे. सुई लागली की कापड उष्टं झालं, असं आई म्हणे. मग चोळी कशी चालते, असं मी एकदा विचारलं आणि पाठीत धपाटा खाल्ला.

या नियमांतून एकच बाई सुटली होती, ती माझी आत्या, वडिलांची धाकटी बहीण. तेराव्या वर्षी ती विधवा होऊन परत आली. तिच्या डोक्यावर केस नव्हते. अंगावर एक तांबडं आलवण असे. त्याला काठ नाही, नक्षी नाही, आत चोळी नाही. तेच कमरेला गुंडाळायचं आणि तेच डोक्यावरून घ्यायचं. पहाटेपासून ती देवघरात गंध उगाळी, वाती वळी, भांडी घाशी. तिच्याकडे कुणी पाहत नसे. पाहू नये असाच त्या रंगाचा अर्थ होता. मला वाटतं, ती देवघरात आहे की नाही हे आम्हां कुणालाच एखाद्या दिवशी नक्की सांगता आलं नसतं.

आता काकूबद्दल. माझ्या काकांचं पहिलं लग्न झालं तेव्हा ती काकू आत्याच्याच वयाची होती. मला ती थोडीशीच आठवते. नवं लुगडं नेसली की ती टाचेवर एक गिरकी घेई आणि नाकातल्या नाकात हसे. मी सहा वर्षांची असताना ती तापानं गेली, सवाष्ण गेली. चार वर्षांनी काकांनी दुसरं लग्न केलं. आमच्याकडची चाल अशी की दुसरेपणावर दिलेल्या मुलीनं पहिलीचा मान ठेवायचा. चांदीच्या पत्र्यावर पहिलीची बोटभर मूर्ती ठोकून घेतात, तिला टाक म्हणतात. तो देव्हाऱ्यात एका कोपऱ्यात असे. दुसरीला कोणतंही नवं लुगडं आलं की आधी ते टाकासमोर पाटावर ठेवायचं. दुपारचा नैवेद्य झाला की ठेवायचं, दार ओढून घ्यायचं आणि दिवेलागणीला काढायचं. मधल्या वेळात पहिली येते आणि त्याची घडी मोडते, म्हणजे आधी ती नेसते, मग उरलेलं दुसरीचं. असं आई सांगे. पण ते बोलण्यापुरतं होतं. लुगडं ठेवलं तसंच घडीबंद परत निघायचं आणि सगळे हात जोडायचे. निदान इतर घरांत तसंच होत असणार.

नवी काकू देवासची होती. देवास तेव्हा एका गावात दोन राज्यं असलेलं ठिकाण होतं. रस्त्याच्या या बाजूला थोरली पाती, त्या बाजूला धाकटी, आणि आपण कुठे उभे आहोत हे शिपायाच्या पोशाखावरून ओळखायचं. तिचे वडील शाळामास्तर होते. तिला इंग्रजी अक्षरं येत होती. मला ए-बी-सी तिनं शिकवली, चुलीच्या राखेत बोटानं काढून. ती सोळा वर्षांची होती आणि तिच्या ट्रंकेत दोन पाचवारी लुगडी, परकर आणि फुग्याच्या बाह्यांची पोलकी होती.

तिनं पहिल्यांदा पाचवारी नेसली त्या दिवशी आई तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहत राहिली.

"उरलेले चार वार कुठे ठेवलेस?" आईनं विचारलं.

"दुकानातच, जाऊबाई," काकू म्हणाली.

काका ओसरीवर पान लावत होते. त्यांना हसू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.  जे बोलायचं ते आईनं साठवून ठेवलं. ठरलं एवढंच, की सोवळ्यात काकूनं नऊवारीच नेसायची आणि बाकीच्या वेळी काय हवं ते करायचं. काकू दिवसातून चारदा लुगडं बदले आणि तरी हसतमुख असे.

त्या दसऱ्याला काकांनी तिच्यासाठी महेश्वरी आणली, खास सांगून विणून घेतलेली पाचवारी, जांभळी, बारीक काठाची. त्याच सुमाराला त्यांना देवासला धाकट्या पातीत नोकरी मिळाली होती. दिवाळीनंतर जायचं, बिऱ्हाड करायचं, असं दोघांचं ठरलं होतं. काकू मला म्हणाली, तिथे मी सकाळी उठल्यापासून रात्रीपर्यंत एकच लुगडं नेसेन.

महेश्वरी नैवेद्यानंतर टाकासमोर ठेवली. दिवेलागणीला आई समई घेऊन आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मग तिनं काकूला हाक मारली.

लुगडं पाटावरच होतं. घडीही घातलेली होती. पण विणकराकडून येते तशी नव्हती. विणकराची घडी सुरीनं कापल्यासारखी असते. ही हातानं, अंदाजानं घातलेली होती. आईनं लुगडं उलगडून जमिनीवर पसरलं आणि समई जवळ धरली. मीही वाकून पाहिलं. मधोमध कापड चुरगळलं होतं, आवळून धरल्यासारखं, आणि तिथून दोन्हीकडे तिरक्या चुण्या गेल्या होत्या. लुगड्याचा कासोटा काढला की अशाच चुण्या राहतात. गोल नेसलेल्या लुगड्यावर त्या पडूच शकत नाहीत.

"नऊवारीची सवय आहे तिला," आई हळूच म्हणाली. "पाचात कसाबसा कासोटा घातलाय बघ."

आणखी एक गोष्ट होती, ती मी पाहिली आणि कुणाला सांगितली नाही. पदराकडचा भाग कोरा होता. त्यावर एक रेघ नव्हती. जी कुणी नेसली होती, तिनं कमरेखालीच नेसलं होतं.

काकू तेव्हा हसली. मांजर शिरलं असेल, म्हणाली. मांजर घडी घालत नाही, हे तिला मागाहून कळलं असावं, कारण त्या संध्याकाळी ती एकटी विहिरीवर गेली नाही, मला बरोबर घेऊन गेली.

दिवाळीच्या पाडव्याला दुसरं लुगडं आलं. तेही तसंच झालं. या वेळी आईनं दार ओढल्यावर स्वतः समोरच्या सोप्यात बसून माळ ओढली होती. कुणी परकं आत गेलं नाही, असं तिनं वडिलांना शपथेवर सांगितलं. आणि ते खरंच होतं. तरी लुगड्यावर कासोट्याच्या चुण्या होत्या, पदर कोरा होता, आणि कापडाला चंदनाचा वास येत होता. देवघरात ठेवलेल्या कापडाला चंदनाचा वास यायचाच. पण आईनं ते नाकाशी धरलं आणि डोळे मिटून घेतले.

आईनं निकाल दिला. पहिलीला ही मुलगी पसंत नाही. तिला पाचवार पुरत नाही, तिचा अपमान होतो आहे. अशा स्थितीत हिला परगावी पाठवली तर हिची कूस उजवणार नाही, कदाचित हीच राहणार नाही. पहिली शांत होईपर्यंत हिनं इथेच राहायचं आणि पहिलीचीच लुगडी नेसायची. वडिलांना हे पटलं नव्हतं, पण घरातल्या बायकांच्या देवाधर्मात ते पडत नसत. काका चिडले, जेवले नाहीत, आणि चार दिवसांनी एकटेच देवासला गेले. जाताना त्यांनी सांगितलं की संक्रांतीला मी येईन, चंद्रकळा घेऊन येईन. त्या दिवशी जर घडी मोडली नाही तर मी हिला घेऊन जाणार. आई म्हणाली, बरं. मोडली तर मात्र पुढचं वर्षभर नाव काढायचं नाही.

मग दोन महिने जे झालं ते मला अजून आठवायला आवडत नाही.

पहिलीची ट्रंक उघडली. आत वाळ्याच्या काड्या घातलेली सात लुगडी होती. काकू ती एकेक नेसू लागली. नऊवारी जड असते, कासोटा मागून ओढून धरतो, पाऊल आखूड पडतं. हे मी आज सांगू शकते. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की काकूची चाल बदलते आहे. ती परसातून यायची तेव्हा पैंजणांचा आवाज तिचा नसे. पाणी भरणारी बई एकदा घागर घेऊन दारात आली आणि काकूला पाठमोरी पाहून जागच्या जागी थांबली.

"वाज चाल है, बई," ती आईला म्हणाली. तीच चाल आहे. आणि तिनं घागर तशीच उंबऱ्याबाहेर ठेवली.

आई त्यावर समाधानानं मान हलवायची. शेजारणी हळदीकुंकवाला आल्या की काकूकडे निरखून पाहत आणि म्हणत, हनुवटीसुद्धा तशीच दिसायला लागली. काकू कमी बोलू लागली. मला राखेत अक्षरं काढून दाखवताना तिचा हात मध्येच थांबे. एका दुपारी तिनं मला विचारलं, ती तूप वाढताना कोणत्या हातानं वाढायची? मी म्हटलं, मला आठवत नाही. ती म्हणाली, मी डाव्या हातानं वाढते आहे काही दिवसांपासून, मला कळतच नाही. मग म्हणाली, "देवासला गेले नाही तर माझं काही खरं नाही ग. वर्षभरात इथे मी उरणार नाही, तीच उरेल."

तेव्हा मी ठरवलं, संक्रांतीला आपण पाहायचं.

देवघराला लागून धान्याची कोठी होती. मधली भिंत लाकडी फळ्यांची, दोन फळ्यांत बोटभर फट. काका आदल्या दिवशी आले होते. नैवेद्य झाला, आईनं काळी चंद्रकळा पाटावर ठेवली, दार ओढलं आणि सोप्यात माळ घेऊन बसली. वडील आणि काका ओसरीवर तिळगूळ घ्यायला आलेल्यांशी बोलत होते. मी कोठीत गव्हाच्या कणगीमागे शिरले.

बाहेर माळव्यातली थंडीतली दुपार होती. ऊन लख्ख, घर सुस्त. फटीतून समई, देव्हारा आणि पाटाचा कोपरा दिसत होता. बराच वेळ काही झालं नाही. मग नवं कापड उलगडल्याचा आवाज आला. तुम्हाला तो माहीत नाही. खळ असलेलं कोरं सुती लुगडं उलगडताना वाळलेल्या पानांसारखं वाजतं. दार उघडल्याचा आवाज आलाच नव्हता. म्हणजे जी कुणी होती ती आधीपासून आतच होती.

मग ती फटीसमोर आली. कमरेपासून घोट्यापर्यंत काळी चंद्रकळा होती, निऱ्या चोपून घातलेल्या, कासोटा घट्ट. आणि वर, खांद्यांवर आणि डोक्यावर, तांबडं आलवण.

मला वाटतं मला आधी सुटल्यासारखंच झालं. आत्या होती. पूजेनंतर ती आत वाती वळत बसली होती आणि आईनं तिच्यासकट दार ओढून घेतलं होतं, दर वेळी. आईच्या लेखी आत कुणी नव्हतंच. पण मग आत्यानं तांब्याच्या घंगाळात वाकून पाहिलं, सरळ उभी राहिली, टाचेवर एक गिरकी घेतली आणि नाकातल्या नाकात हसली.

ते हसणं आत्याचं नव्हतं. आत्या हसायची नाहीच. मी तिला कधी हसताना पाहिलं नव्हतं. हे हसणं मला माहीत होतं. चार वर्षांत मी ते विसरले होते आणि ऐकताक्षणी ओळखलं, ते पहिल्या काकूचं होतं. तिचा चेहरा माझ्याकडे होता, डोळे फटीवरून गेले, आणि त्यांत ओळख नव्हती. गाल भरल्यासारखे दिसत होते. ती टाकासमोर बसली आणि दोघी मैत्रिणी बोलतात तशी काही तरी बोलली. शब्द कळले नाहीत. एवढं कळलं की ती एकदा विचारत होती आणि एकदा उत्तर देत होती, आणि दोन्ही आवाज सारखे नव्हते.

मग तिनं लुगडं फेडलं आणि घडी घालायला लागली. तेव्हा हात आत्याचे होते. राखेनं चिरलेले, भराभर चालणारे.

मी मागच्या दारानं परसात पळाले. काकू कपड्यांच्या वळणीखाली पहिलीचं हिरवं लुगडं नेसून उभी होती आणि क्षणभर मला तिच्याजवळ जायची भीती वाटली. मग मी तिला सगळं सांगितलं.

तिनं मध्ये एकदाच विचारलं. "पदर घेतला होता?"

"नाही. डोक्यावर आलवणच होतं."

ती तुळशीच्या कट्ट्यावर बसली. मला वाटलं ती धावत जाऊन आईला सांगेल. तिची सुटका तिच्या हातात होती. पण ती बसूनच राहिली, आणि मलाही हळूहळू कळू लागलं की सांगितलं तर काय होईल. विधवेनं काठाचं, सवाष्णीचं लुगडं अंगाला लावलं, तेही देवासमोर. आमच्या नात्यातल्या एकीला याहून लहान गोष्टीसाठी नेमावरला नेऊन सोडलं होतं. नर्मदेच्या घाटावर, एका खोलीत, भिक्षेवर. तिचं पुढे काय झालं हे घरात कुणी बोलत नसे.

काकू उठली. आत जाऊन तिनं हिरवं लुगडं फेडलं आणि आपली पाचवारी नेसली, परकरासकट, फुग्याच्या बाह्यांचं पोलकं घालून. दिवेलागणीला आई समई घेऊन देवघराच्या दाराशी आली, मागे काका आणि वडील. आत्या आतून निघून सोप्याच्या कोपऱ्यात वाती वळत बसली होती. तेवढ्यात काकू सगळ्यांना ओलांडून, ओवळ्यानं, देवघरात शिरली. पाटावरची चंद्रकळा उचलून तिनं एका झटक्यात सगळी उलगडली.

"घडी बघत बसू नका, जाऊबाई," ती म्हणाली. "मीच मोडली. दसऱ्याची आणि पाडव्याचीही मीच."

"खोटं बोलतेस."

"मला कुणाचं नेसलेलं नेसायचं नव्हतं. म्हणून आधी मीच नेसून घेत होते."

आईनं लुगड्याचा मधला भाग हातात धरला. "आणि हा कासोटा? तू तर गोल नेसतेस."

"तुम्हीच म्हणता ना, देवासमोर कासोटा हवा."

 आईच्या तोंडावरचा रंग मी पाहत होते. दोन महिने तिनं ज्या गोष्टीपुढे हात जोडले होते ती गोष्ट या मुलीनं आपल्या अंगावर घेतली होती, आणि आईला ती परत मागता येत नव्हती. आई दारापाशीच होती, आत कुणी शिरलं कसं, हे तिनं विचारायला हवं होतं. तिनं विचारलं नाही. कदाचित माळ ओढताना डोळा लागतो हे तिचं तिलाच माहीत होतं. मी आत्याकडे पाहिलं. तिचे हात थांबले नव्हते. ती काकूकडे पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर भीती किंवा कृतज्ञता यांतलं काही नव्हतं. ती फक्त चकित झाली होती. धाकट्या वहिनीनं असं केलं, हे तिला खरंच नवीन होतं.

आई काकांना म्हणाली, हिला घेऊन जा. पहिलीच्या ताटातलं उचलणारी बाई माझ्या देवाजवळ नको. दुसऱ्या दिवशी उजाडताना गाडी जोडली आणि काकू पाचवारीत गाडीत बसली. आईनं तिच्या हातचं पाणी पुढे कधी घेतलं नाही. काकू दर सणाला पत्र पाठवी. ते वडील मोठ्यानं वाचत आणि आई तेव्हा आत निघून जाई. धारच्या देवघरात त्यानंतर नवं लुगडं ठेवण्याचा प्रसंग आला नाही. आत्या गंध उगाळत राहिली. तेवढी वाळत गेली मात्र. चार वर्षांत तिचं आलवण तिच्याभोवती दोनदा फिरे.

काकूचं दुसरं बाळंतपण आलं तेव्हा तिची आई हयात नव्हती. तिनं वडिलांना लिहिलं की मदतीला वन्संना पाठवा. आईनं हरकत घेतली नाही. विधवेचं कष्टाला जाणं वेगळं. मला देवासच्या शाळेत घालायचं ठरत होतं, म्हणून मीही बरोबर निघाले. धारहून इंदूर, इंदूरहून देवास, दोन मुक्काम करत बैलगाडीनं. आत्या गाडीत सारा वेळ तोंडातल्या तोंडात पुटपुटत होती. मी समजले, जप चालला आहे.

काकूचं घर टेकडीच्या पायथ्याशी होतं, मोकळं, उजेडाचं. काकू गोल नेसून सायंकाळी काकांबरोबर फिरायलाही जात असे आणि कुणी मागे वळून पाहत नसे. तिथल्या अधिकाऱ्यांच्या बायका आता तशाच नेसत. मुलगा झाला. बारशाला नवं लुगडं आणायचं ठरलं तेव्हा काकू काकांना म्हणाली, या वेळी नऊवारी आणा. काकांना आश्चर्य वाटलं, पण त्यांनी आणली. डाळिंबी रंगाची, सुती, बारीक जरीकाठाची.

त्या दुपारी घरात आम्ही तिघीच होतो. पहिलीचा वेगळा टाक काकूनं देवासला ठोकून घेतला होता. तिनं लुगडं त्याच्यासमोर पाटावर ठेवलं, आणि आम्ही ओसरीवर मटार सोलत बसलो. थोड्या वेळानं काकू म्हणाली, "वन्सं, आज घडी तुम्ही मोडा. इथे बघणारं कुणी नाही."

आत्यानं तिच्याकडे पाहिलं. मला आजही तो चेहरा तपासून पाहावासा वाटतो. त्यात लपवाछपवी नव्हती. तिला बोल लागला होता.

"मी?" ती म्हणाली. "मी आलवणातली बाई. काठाच्या लुगड्याला मी हात लावीन असं वाटलं तुम्हाला? मी जन्मात लावलेला नाही, वहिनी. पहिल्या वहिनी मोडतात घडी. जिवंत होत्या तेव्हा मला म्हणायच्या, आधी तू नेस, मग मी. मी नाही म्हणायची. आता त्या आधी नेसतात."

काकूच्या हातातली शेंग तशीच राहिली. "पण त्या इतक्या लांब कशा येतील? त्या तर धारला."

"माझ्याबरोबरच आल्या की," आत्या म्हणाली. "सगळा रस्ता बोलत होत्या. इंदूरचा पूल त्यांनी पाहिलाच नव्हता."

मी त्याच गाडीत होते. आत्याशेजारी बसले होते, आमच्या दोघींच्या मध्ये एक हातभर जागा होती, आणि मी दोनदा तिकडे सरकले तेव्हा आत्यानं मला माझ्या जागी बस म्हणून सांगितलं होतं.

 मटार सोलून झाले. आत्या उठली, गंध उगाळायचं राहिलंय म्हणाली, आणि आत गेली. दार ओढलं गेलं. थोड्या वेळानं खळीचं कापड उलगडल्याचा आवाज आला. मग जमिनीवर टाच फिरल्याचा, आणि ते हसणं. काकूनं माझ्या मनगटावर हात ठेवला होता. तिचा हात गार होता, पण तिनं तो काढला नाही आणि ती उठलीही नाही. आम्ही दोघी तिथे बसून राहिलो, समोर रस्त्यावरून धाकट्या पातीचा एक शिपाई आपली पगडी सावरत गेला, आणि आत दोन आवाज हळू बोलत होते.

आत्या बाहेर आली तेव्हा आलवण डोक्यावर नीट होतं.

"पसंत पडलं त्यांना," ती म्हणाली. "काठ मात्र जरा रुंद हवा होता."

"पुढच्या वेळी रुंद काठाचं आणू," काकू म्हणाली. "त्यांना सांगा."

आत्या पुढे आठ वर्षं जगली आणि त्यातली बहुतेक देवासलाच काढली. दर दिवाळीला काकू नऊवारी मागवी, रुंद काठाची, आणि दुपारी पाटावर ठेवून स्वतः ओसरीवर येऊन बसे. दुसऱ्या दिवशी ती आपली पाचवारी नेसे. नऊवारी ट्रंकेत जाई. तिनं त्यांतली एकही कधी अंगाला लावली नाही, आणि कुणाला दिलीही नाही.